ईसीजी नॉर्मल आला, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका

प्रश्न : माझं वय ४३. गेल्या महिन्यात मोठ्या भावाला, वयाच्या ४९व्या वर्षी, हार्ट अटॅक आला आणि स्टेंट टाकावा लागला. तो आता बरा आहे, पण माझी झोप उडाली आहे. मी लगोलग तपासण्या करून घेतल्या. ईसीजी, इको आणि ट्रेडमिल टेस्ट तिन्ही नॉर्मल. रक्ताचा रिपोर्ट असा : एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल १४८, एचबीए१सी ५.९. दवाखान्यात बीपी १३८/८८ भरलं, ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणाले. उंची १७० सेंमी, कंबर ९८ सेंमी. दिवसाला तीन-चार सिगारेटी होतात. मी घोरतो, असं बायको सांगते. आता मी निर्धास्त राहू का? की सीटी अँजिओग्राफी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावू? एक मित्र म्हणतो, रोज ॲस्पिरिन घे. आणि कोलेस्टेरॉलची गोळी टाळायची असेल तर नेमकं काय करू?

उत्तर : नमस्कार. भावाचं कळल्यावर तुम्ही तपासण्या टाळल्या नाहीत, हे फार चांगलं केलंत. पण ज्या तीन रिपोर्टांमुळे तुम्हाला दिलासा मिळाला, त्यांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ते उत्तर पत्रात नंतर दिलेल्या आकड्यांत आहे, आणि त्यांच्याकडे पाहता निर्धास्त राहा असं आम्ही सांगू शकत नाही. घाबरण्यासारखंही काही नाही, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा खाली आणता येतो.

आधी त्या तीन तपासण्यांबद्दल. ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांतल्या हृदयाच्या विद्युत हालचालींची नोंद. इकोमध्ये हृदय किती जोरानं रक्त ढकलतं आणि झडपा नीट उघडतात-मिटतात का, ते दिसतं. ट्रेडमिलवर पळताना हृदयाला रक्त कमी पडतं का ते कळतं, पण त्यासाठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असावी लागते, साधारण ७० टक्के किंवा जास्त. चरबीचा थर मात्र आधी वाहिनीच्या भिंतीत साचतो. भिंत बाहेरच्या बाजूला फुगत जाते आणि आतला रस्ता कित्येक वर्षं मोकळाच राहतो. अनेक झटके अशाच, फारशा न अडलेल्या जागी येतात. थरावरचं पातळ आवरण फाटतं, आतल्या चरबीशी रक्ताचा संपर्क येतो, गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. म्हणून ‘ट्रेडमिल नॉर्मल होती आणि महिन्यात झटका आला’ असं ऐकू येतं. ट्रेडमिल चुकलेली नसते. आज मोठा अडथळा आहे का, एवढंच ती सांगते. तो थर साचतोय का आणि कशामुळे साचतोय, हे ती सांगत नाही.

ते कशावरून कळतं? २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका नऊ साध्या गोष्टींशी जोडलेला आढळला. रक्तातली चरबी, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायाम, फळं-भाज्या खाणं आणि दारू, अशा त्या गोष्टी. त्यातल्या किती तुमच्या पत्रात आहेत ते तुम्हीच मोजा. शिवाय सख्ख्या पुरुष नातेवाइकाला ५५च्या आत (बाईला ६५च्या आत) हृदयविकार झाला असेल, तर तो घराण्याचा धोका धरतात. भाऊ ४९चा, म्हणजे तोही आला.

तुमचा रिपोर्ट असा वाचा

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करा : २२८ वजा ३८, म्हणजे १९०. हा नॉन-एचडीएल. रक्तवाहिनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना हा आकडा एलडीएलपेक्षा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलपेक्षा, जास्त भरवशाचा. कारण पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, सूत्रानं काढतात : एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. तुमचं करून पाहा, २२८ − ३८ − ४२ = १४८, बरोबर जुळतं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र लागू पडत नाही.

रिपोर्टच्या उजव्या रकान्यातली ‘नॉर्मल रेंज’ सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, तिच्यावर जाऊ नका. सिगारेट न ओढणाऱ्या, घरात कुणाला हृदयविकार नसलेल्या माणसाचं १४८ आणि तुमचं १४८ सारखं नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व स्थिती, तुम्ही त्यात आहात. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, म्हणजे तुमची ८५च्या आत. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सहज सोडल्यावर. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट पोटाखाली बसते.

एक तपासणी राहिली आहे : लिपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण. त्याची पातळी आनुवंशिक असते आणि आहार-व्यायामानं फारशी बदलत नाही, म्हणून ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी सहसा पुरते. ५० मिग्रॅच्या वर आली तर बाकीचे आकडे आणखी कडकपणे सांभाळायचे. तरुणपणी झटका आलेल्यांच्या भावंडांनी ती जरूर करावी. सोबत क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहून घ्या. मूत्रपिंड बिघडायला लागलं की हृदयाचा धोकाही वाढतो.

१३८/८८चा निकाल घरी लावा

दवाखान्यातल्या एका आकड्यावर ‘बीपी आहे’ किंवा ‘टेन्शनमुळे आहे’, दोन्ही म्हणता येत नाही. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. खरी चूक होते ती कफच्या मापात. दंड जाड आणि कफ लहान असेल तर बीपी खोटंच जास्त दिसतं. दंडाचा घेर कोपर आणि खांद्याच्या मधोमध मोजा आणि कफवर छापलेल्या मापात तो बसतो का ते पाहा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयानंही आकडा चढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसा, फोनही बाजूला. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या बोटभर-दोन बोटं वर. हात टेबलावर असा ठेवा की कफ छातीच्या पातळीत येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडला तेवढाच लिहायचा, हा मोह आवरा. सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर आली, तर तुम्हाला उच्च रक्तदाब आहे आणि त्याचं कारण दवाखान्याची धास्ती नाही. वहीचं ते पान डॉक्टरांना दाखवा.

एवढा आटापिटा का? चाळिशी ते सत्तरीत वरचा आकडा ११५च्या पुढे दर २०नं वाढला, की हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. आणि यातलं काहीही दुखत नाही.

सीटी अँजिओग्राफी आणि ॲस्पिरिन

छातीत त्रास नसताना फक्त मनाच्या समाधानासाठी सीटी अँजिओग्राफी करू नका. किरणोत्सर्ग आणि शिरेतून दिलेला रंग आलाच, शिवाय एखादा मध्यम अडथळा दिसला की पुढच्या तपासण्यांची आणि गरज नसलेल्या स्टेंटची रांग लागू शकते. काही त्रास नसलेल्या माणसात असा स्टेंट टाकल्यानं पुढचा झटका टळतो, असं दिसलेलं नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं मत ठरत नसेल, तर कॅल्शियम स्कोअर ही, हृदयाच्या वाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारी, साधी सीटी उपयोगी पडते. रंग लागत नाही आणि किरणोत्सर्ग कमी. १००च्या वर आला तर गोळीच्या बाजूनं कौल. शून्य आला तर पुष्कळांना गोळी काही वर्षं पुढे ढकलता येते. पण ही सवलत सिगारेट ओढणाऱ्यांना, मधुमेहींना आणि घराण्यात लवकर हृदयविकार असलेल्यांना धरत नाहीत. कॅल्शियम न धरलेला मऊ थर या तपासणीत दिसत नाही, आणि चाळिशीत थर बहुधा मऊच असतो. तुमच्या बाबतीत शून्य आला तरी आम्ही त्यावर विसंबणार नाही.

ॲस्पिरिन घेऊ नका. ज्यांना आधी झटका आला आहे किंवा स्टेंट टाकला आहे, त्यांना तिचा फायदा नक्की आहे. ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्यात फायदा किरकोळ, आणि पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका तो फायदा खाऊन टाकतो. २०१८मध्ये अशा लोकांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि तेव्हापासून सरसकट ॲस्पिरिनचा सल्ला मागे पडला. हे वाचून भावाची ॲस्पिरिन मात्र बंद करायला लावू नका! स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानं थांबवली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

सिगारेट सर्वांत आधी

‘तीन-चारच’ या शब्दात फसगत आहे. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसाव्या हिश्श्याइतका नसतो. धूर थोडा असला तरी रक्त गोठण्याची प्रवृत्ती आणि वाहिनीच्या अस्तराची इजा झपाट्यानं वाढते. म्हणून चारवरून दोनवर येणं हृदयाच्या दृष्टीनं फार कामाचं नाही, शून्यावर यावं लागतं. सोडल्यावर साधारण वर्षभरात वाढीव धोका निम्म्यावर येतो. इतक्या लवकर एवढा फायदा देणारं दुसरं काही तुमच्या यादीत नाही. तंबाखू चघळणं हा पर्याय नव्हे, तोही हृदयाला बाधतो.

पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. निकोटिनचं गम घेणार असाल तर ते चघळायची रीत नीट पाळा, कारण ‘गमचा उपयोग झाला नाही’ म्हणणारे बहुतेक जण ते साध्या च्युइंगगमसारखं चावत असतात. सावकाश चावा, झणझणीत चव आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा थोडं चावा. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते आणि तलफ तशीच राहते. आधी १५ मिनिटं आणि चघळताना चहा, कॉफी, फळांचा रस नको, आंबटपणानं निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅ, नाहीतर २ मिग्रॅ. तलफ काही मिनिटांची असते. ती मिनिटं कशी काढायची ते आधीच ठरवून ठेवा.

गोळी टाळता येईल का?

खरं सांगायचं तर आहार नीट पाळून एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. तुमचं १४८ येईल १३०च्या आसपास. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या, मध्यम मात्रेनं ते ३० ते ५० टक्के उतरतं. एलडीएल दर ३९ मिग्रॅनं खाली आलं की झटका-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशानं घटतात, आणि जितकी वर्षं ते खाली राहील तितका फायदा वाढतो. घराण्याचा धोका, सिगारेट, एचबीए१सी ५.९, सगळं एकत्र पाहता तुमच्या डॉक्टरांनी आजच स्टॅटिन सुचवलं तर त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. तुम्हाला आधी प्रयत्न करून पाहायचा असेल तर बारा आठवड्यांची मुदत घाला, त्या शेवटी तोच रिपोर्ट पुन्हा काढा आणि त्या आकड्यावर निर्णय घ्या. मुदत न घालता केलेला ‘आधी पथ्य पाहतो’ वर्षानुवर्षं चालतो आणि थर तेवढी वर्षं साचत राहतो.

गोळी सुरू झालीच तर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा रिपोर्ट. अंग दुखलं तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. तो चांगला गोळीमुळे आलेला असतो, बंद केली की काही आठवड्यांत आकडा जागेवर.

बारा आठवड्यांत काय करायचं? लोणी, साय, पामतेल, खोबऱ्याचं तेल आणि चरबीयुक्त लाल मांस कमी करून त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, शेंगदाणा अशी तेलं मोजून वापरा. लोक स्निग्ध पदार्थ सोडतात आणि ती भूक मैदा, साखर, बिस्किटांवर भागवतात. तसं केलं तर एलडीएल हलतं थोडं, पण ट्रायग्लिसराइड चढतं आणि एचडीएल पडतं. तुमच्या २१० आणि ३८चं मूळ बहुधा तिथेच आहे. गोड पेयं आणि दारू बंद केल्याचा फरक ट्रायग्लिसराइडमध्ये सर्वांत आधी दिसेल. विरघळणारा चोथा रोज ५ ते १० ग्रॅम वाढवा : ओट्स, सातू, कडधान्यं, डाळी, सफरचंद, पेरू. एकदम वाढवलात तर पोट फुगेल आणि आठवड्यात सोडून द्याल, म्हणून हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, बिनमिठाचे बदाम-अक्रोड चालतील.

मिठाचा हिशोब सोपा आहे आणि तो महिन्याचा करावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. चार माणसांच्या घरात महिन्याला झाले ६०० ग्रॅम, आणि त्यात पाकिटातलं नि बाहेरचं खाणंही आलं. नव्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर उत्तर मिळालं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ : ८०० मिग्रॅ सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. पोटॅशियम मिसळलेल्या मिठानं बीपी उतरतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चालणं आठवड्याला निदान १५० मिनिटं, अशा वेगानं की बोलता येईल पण गाता येणार नाही. १० मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम. बैठं काम करणाऱ्यानं महिनाभर काही न करता एका रविवारी जीव तोडून खेळायला उतरू नये. अशा अचानक श्रमांतच झटक्याचा धोका जास्त असतो.

घोरण्याकडे दुर्लक्ष नको. झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो का, ते बायकोला पाहायला सांगा. तसं असेल, किंवा सकाळी डोकं जड आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास थांबण्याच्या या आजारात (स्लीप ॲप्निया) बीपी अनेकदा औषधांनाही दाद देत नाही.

ट्रेडमिल नॉर्मल असली तरी हे लक्षात ठेवा : छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते हात, जबडा, पाठीकडे जाणं, गार घाम, दम लागणं. स्त्रिया आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसं न दुखता नुसता दम, मळमळ किंवा विचित्र थकवा असू शकतो. ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका, स्वतः गाडी चालवू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत बसून राहा.

आणखी एक काम या आठवड्यातच करा. भावाचा झटक्याआधीचा किंवा दाखल झाल्या दिवशीचा लिपिड रिपोर्ट शोधून काढा. नंतरचा चालणार नाही, कारण झटक्यानंतर एलडीएल आपोआप उतरतं आणि गोळीही सुरू झालेली असते. त्यात एलडीएल १९० किंवा वर असेल तर घराण्यात जन्मजात कोलेस्टेरॉल वाढवणारा दोष असू शकतो, आणि तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मग भावाच्या मुलांचं कोलेस्टेरॉल ती शाळेत असतानाच तपासायला हवं.